बाईंच्या चित्रातली वाघजाई

आमच्या वराळ्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अनसूयाबाई राहतात. त्यांनी तळेगावच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, बाई माती सांभाळायला लागल्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घाटातली तांबडी माती, नदीकाठचा गाळ, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबाची राख. डब्यावर गावाचं नाव नि तारीख. त्यातला एक डबा मी श्रीखंडाच्या आशेने उघडलाही होता, पण ते असो.

ही माती, जुन्या लुगड्यांचे तुकडे, झाडांच्या साली असं सगळं त्या प्लायवूडवर डिंकाने चिकटवतात आणि त्यातून डोंगर नि डोंगरातले देव उभे करतात.

"बाई, हे आमच्या घरी केलं असतं तर बायकोने झाडून केरात टाकलं असतं," मी म्हणायचो.

"म्हणून तुमच्या घरी काही घडत नाही, मारुतराव."

साठी उलटल्यावर पुण्यात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. मधल्या भिंतीवर वाघजाई लागायची होती. दाराएवढं चित्र, दोन वर्षं त्यावर घालवलेली. देवीचा चेहरा म्हणजे एक अखंड साल, सुरकुतलेली, डोळ्यांच्या जागी दोन गाठी. आंदर मावळातल्या एका देवराईत ती पडलेली सापडली, बाईंनी पिशवीत घातली. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. 'पडलेलीच तर होती,' अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. आणि हे मला सांगायची चूक केली.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना त्याच राईच्या गावचे कोंडाजी आबा आणि त्यांची बायको लीलाबाई इंद्रायणी तांदूळ घेऊन सोसायटीत आले. दरवर्षीच येतात. माझ्या जिभेला काही हाड आहे का! "आबा, वर चला, तुमच्या राईतली साल दाखवतो."

आबांनी चित्र पाहिलं नाही, नुसती साल पाहिली.

"बाई, कुनाला इचारून आनली?"

"कोणालाच नाही. चुकलं माझं."

"मंग काढा. राईतलं राईत ग्येलं पायजे."

साल काढायची म्हणजे तुकडे होणार, आणि बिनचेहऱ्याची देवी काय भिंतीला लावणार? बाईंनी हुज्जत घातली नाही. आतून पातं घेऊन आल्या.

तेवढ्यात लीलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली, सालीच्या कपाळावर हळद-कुंकू टेकवलं आणि वाकून नमस्कार केला.

"अगं, काय करतीस?" आबा ओरडले.

"काय म्हंजी? आई हाय न्हवं ही? तुमी साल बघत बसलाय, मी तोंड बघतीया. लावा आता पातं, बघू."

आबांनी टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. "कुंकू लागलं, आता कसलं पातं! पन आई राईभाईर ऱ्हायाची न्हाई. पुन्याला न्या, लोकास्नी दावा, आन् तिच्या जागी आनून ठिवा."

दोन वर्षांचं काम कायमचं द्यायचं होतं. बाईंनी हातातलं पातं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणते."

प्रदर्शनात एका गृहस्थांनी ते चित्र तीनदा मागितलं. "ही माहेरी जायची आहे," असं सांगून बाईंनी त्यांना तिन्ही वेळा वाटेला लावलं. चित्राखालच्या चिठ्ठीवर माती, राख, लुगडं, साल लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी पेनाने भर घातली: 'हळद-कुंकू – लीलाबाई.'

प्रदर्शन संपल्यावर रस्त्यापासून राईपर्यंत ते दाराएवढं चित्र डोक्यावर कोणी नेलं असेल? "जीभ भरपूर चालली, आता पाय चालू देत," बाई म्हणाल्या. राईतल्या देवळाच्या पडवीत ते भिंतीला टेकवून ठेवलं. आता बायका दर मंगळवारी कुंकू लावतात. अर्धा चेहरा लाल झालाय.

"बाई, चित्र बिघडतंय की."

"बिघडू दे. एवढा लाल रंग माझ्या एकाही डब्यात नव्हता."

बाई महिन्यातून एकदा ते बघायला जातात, मलाही ओढून नेतात. परतताना आबा राईच्या तोंडाशी उभे राहून बाईंची पिशवी उघडून बघतात. मग माझीही.