चौथ्या मजल्यावरचे आमदार

जर्मनीत कागदाचा कचरा न्यायला ठरलेल्या दिवशी गाडी येते, काचेच्या बाटल्यांना वेगळी पिंपं असतात, जुन्या गाद्यांचीसुद्धा सोय आहे. किश्श्यांची मात्र कुठेच नाही. ते आपले साठत राहतात. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून मी निवृत्त झालो, मुलाकडे एश्बॉर्नला आलो आणि स्टेशनजवळच्या बाकावर बसायला लागलो. तेव्हापासून माझ्याकडे जे साठलंय, त्यातलं निम्म्याहून अधिक भास्कररावांचं आहे.

बाकावर आम्ही तिघं. मी, साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका सुमनताई आणि भास्करराव. भास्करराव तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले आणि तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. ते इतकी वर्षं निवडून येत राहिले, की लोकांना ते सभागृहातल्या खांबांपैकीच एक वाटायला लागले. शेवटी हरले, बायकोही गेली, आणि मुलगी रेवा त्यांना इकडे घेऊन आली. आम्ही त्यांना आमदार म्हणतो. ते रागावत नाहीत. रागवायला मतदारसंघ लागतो!

*

सुमनताईंनी पहिल्याच आठवड्यात मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "एवढी वर्षं बसलात तिथे. केलंत काय?"

भास्करराव म्हणाले, "आठवून सांगतो."

दुसऱ्या दिवशी आले आणि बसता बसता म्हणाले, "माझ्या नावाचा एक पूल आहे."

"वा! कुठल्या नदीवर?"

"होती एक. आता आटली."

मला फार जवळचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या धरणाचं काम चालू होतं आणि निवृत्त झालो तेव्हाही चालूच होतं. त्यांच्याकडे पूल होता आणि पाणी नव्हतं. आमच्याकडे पाणी होतं आणि भिंत नव्हती.

*

ते हरले कसे, हे एकदा मीच विचारलं.

"एका पोराने पाडलं. शाळेत असताना मीच त्याला निबंधाचं बक्षीस दिलं होतं."

"निबंधाचा विषय काय होता?"

"लोकशाही."

सुमनताई म्हणाल्या, "म्हणजे मुलाला विषय समजला होता."

*

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट शाळेच्या बसच्या विधेयकाची. ती आम्ही इतक्यांदा ऐकली, की सुमनताई मध्येच विरोधकांची वाक्यं म्हणायच्या.

विधेयक भास्कररावांचं. मतदान सुरू झालं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पडतोय. मग शेवटच्या क्षणी त्यांनी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध बटण दाबलं! सभागृह हसलं. विरोधकांनी बाकं वाजवली.

"हसू दिलं," भास्करराव सांगत. "आमच्याकडे नियम आहे. फेरविचाराचा प्रस्ताव जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच मांडता येतो. हरलेल्याने गप्प बसायचं. म्हणून हरतोय असं दिसलं की पटकन जिंकणाऱ्यांत जाऊन बसायचं. दुसऱ्या दिवशी मीच फेरविचार मागितला. तोवर चार माणसं फिरवली होती. विधेयक पास!"

"आपलंच पोर विहिरीत ढकलायचं आणि सकाळी आपणच काढायचं," सुमनताई म्हणाल्या.

"गेनाऊ!" भास्करराव खूश होऊन म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर. जर्मन त्यांना तेवढंच येतं, बाकी सगळं इंग्रजीवर भागवतात.

*

रेवाचं घर चौथ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. भास्कररावांचे गुडघे इमारतीहूनही जुने. एका रविवारी ते खाली आले आणि चष्मा वर राहिला. वर जाऊन आणायचा तर पुन्हा चढा, पुन्हा उतरा. त्यांनी अख्खा दिवस बिनचष्म्याचा काढला. संध्याकाळी रेवा न्यायला आली तेव्हा ते बाकावर बसून एका अनोळखी जर्मन बाईंना मी समजून नमस्कार करत होते.

त्या रविवारनंतर रेवाने फ्लेगहाइमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं नाव काढलं. लांब, डार्मश्टाट गावात एक चांगलं आहे म्हणाली. खोली तळमजल्यावर, खिडकीबाहेर झाड.

"बाबा, मी तरी काय करू? तुम्ही एक दिवस जिन्यात पडाल आणि मी ऑफिसात असेन. लिफ्ट झाली तर राहा ना, मला काय नकोय का?"

भास्करराव आम्हाला म्हणाले, "झाड चांगलंय. पण झाडाशी बोलायचं काय?"

*

लिफ्टचा विषय खरं तर आदल्या वर्षीच निघाला होता. फ्लॅटमालकांच्या वार्षिक सभेत भास्कररावांनी सवयीने सुचवलं, "आधी एक छोटी समिती नेमू."

अमेरिकेत विधेयकाला जिवे मारत नसत, समितीकडे पाठवत, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. समिती नेमली गेली. अध्यक्ष भास्करराव. वर्षभर बैठका झाल्या आणि जिन्याला फिकट पिवळा रंग द्यावा असा एकमताने निर्णय झाला.

"रंग छान आहे हो," मी म्हणालो.

"दर मजल्यावर थांबून बघतो ना," ते म्हणाले.

*

यंदा मात्र ते जिद्दीने प्रचाराला लागले. चकल्यांचा डबा घेऊन रोज एक मजला.

इमारतीत नऊ घरं. वरच्या तिघांना लिफ्ट हवीच होती. चौथं मत रेवाचं, तेही तिने बाबांनाच द्यायला सांगितलं होतं. आणखी एक मिळालं की झालं. पण पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांनी चकल्या खाल्ल्या आणि स्पष्ट नाही म्हटलं. उरल्या तळमजल्यावरच्या फ्राउ बेकर. त्या म्हणाल्या, "मला लिफ्ट कशाला? माझं दार रस्त्यावर उघडतं. मी विरोधात आहे. चकली उत्तम."

भास्करराव बाकावर येऊन हताश बसले.

"अमेरिकेत सगळे तोंडावर हो म्हणायचे आणि मागून पाडायचे. त्यात आशा असते हो! ही माणसं नाही म्हणतात आणि नाहीच करतात. यांच्यात राजकारण करायचं कसं?"

*

सभा कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत होती. भास्कररावांना हात धरून न्यायला मी गेलो होतो. इमारतीचं व्यवस्थापन बघणारे हेर, म्हणजे श्रीयुत, लांग यांनी, हे कोण, असं विचारलं. भास्करराव म्हणाले, "माझे सेक्रेटरी." आयुष्यभर झाली नाही ती बढती मला तिथे मिळाली.

मतदान चिठ्ठ्यांनी घ्यावं, असा आग्रह भास्कररावांनीच धरला. हात वर करताना माणूस शेजाऱ्याकडे बघतो, हे त्यांचं जुनं मत. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. नकार देणारे चौघे समोरच बसले होते. फ्राउ बेकर हाताची घडी घालून बसल्या होत्या. भास्कररावांनी उसासा सोडला, चिठ्ठीवर हात आडवा धरला, पटकन काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून बारीक हसले. त्यांना हसताना मी कित्येक आठवड्यांनी पाहत होतो.

हेर लांग यांनी चिठ्ठ्या मोजल्या. "हो, चार. नाही, पाच. प्रस्ताव नामंजूर. पुढचा विषय, सायकलींची जागा."

"चारच," रेवा हळूच म्हणाली. "वरचे तिघं आणि आपण. बाबा, तुम्ही खूप केलंत."

भास्करराव मात्र दचकले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

सभा संपल्यावर आम्ही घरी आलो. जिन्याच्या तोंडाशी फ्राउ बेकर आपल्या दारात उभ्या होत्या. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "मी 'हो' लिहिलं होतं. चकल्यांसाठी नाही. हे रोज चढताना धापा टाकतात, ते मला दाराआडून ऐकू येतं." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

रेवा पहिल्या पायरीवरच थांबली. बोटं दुमडत तिने हिशेब केला आणि तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे या हो म्हणाल्या! मग वरच्यांपैकी कोण फिरलं? बाबा, कोण असेल हो तो नीच माणूस?"

ती तरातरा पुढे निघून गेली, वरच्यांची दारं वाजवून विचारायला.

भास्करराव कठडा धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. तिथे थांबले. फिकट पिवळ्या भिंतीला हात टेकला, रेवाची पावलं पार वर गेल्याची खात्री करून घेतली आणि मला अगदी हळू विचारलं,

"इथे फेरविचाराचा प्रस्ताव कधी मांडतात हो?"

"इथे नसतो तो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पायरीसाठी पाय उचलला.