गाडीला कुणी हात लावायचा नाही

हेप्झिबाबाई पेझारकरांना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, खाली येतो. इतका खाली की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. सुकापूरच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण गेलं वर्षभर त्या बहुतेक वेळ रागातच आहेत.

आधी त्या अशा नव्हत्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, मुलगा इलान इस्रायलला स्थायिक, घरात त्या आणि त्यांचे यजमान बेंजामिनकाका. काकांच्या किडन्या निकामी झाल्यापासून एक दिवसाआड डायलिसिस. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून बाई आपल्या जुन्या छोट्या गाडीतून त्यांना ने-आण करायच्या. बॉनेट त्यांनी कधी उघडलं नव्हतं. काही वाजायला लागलं की हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी द्यायची आणि मालक म्हणेल ते करून घ्यायचं.

एकदा ब्रेक कुरकुरायला लागले. मालकाने दिवसभर गाडी ठेवून घेतली. "पुढचे पॅड नवीन टाकलेत मॅडम. आता बघायलाच नको."

त्यानंतर काही दिवसांनी डायलिसिसहून परतताना, कळंबोलीच्या पुलावरून उतरत असताना पुढचा टेम्पो अचानक थांबला. बाईंनी ब्रेक दाबला. चाकातून पत्रा कापल्यासारखा आवाज आला, पण गाडी म्हणावी तशी थांबेना. त्यांनी हँडब्रेक खेचला. गाडी दुभाजकाला घासत उभी राहिली आणि काकांचा डावा हात डॅशबोर्डवर आपटला. तोच हात, ज्यात डायलिसिसच्या सुया घालायच्या. ऑपरेशन करून तिथली शीर त्यासाठी तयार केलेली होती. हात सुजला, शीर बंद पडली. डॉक्टरांनी डायलिसिससाठी मानेतून नळी घातली.

गाडी टो करून घरी आणली होती. बाईंनी डिकीतला जॅक काढला, फोनवर व्हिडिओ लावला आणि जन्मात पहिल्यांदा चाक उघडलं. पॅड नवीन नव्हतेच. जुनेच, झिजून पार लोखंडाला टेकलेले.

ते पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्या गॅरेजात गेल्या. मालकाने एक नजर टाकली. "मॅडम, लेडीज लोक पाय ब्रेकवर ठेवूनच चालवतात. पॅड जळणारच. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

"साहेब झोपून आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे."

"काय म्हणालात?" तो पुढे वाकला. बाई तशाच वळल्या आणि चालू लागल्या.

त्या दिवसापासून गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. पनवेलमधल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पॅड आणले, पाने आणले. त्या ज्यू, शनिवारी शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळतात, म्हणून रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाट टाकून बसायच्या. जुन्या सलवार-कमीजवर काळे डाग, बोटं सोललेली. गंजलेला बोल्ट हलेना तेव्हा त्यांनी पाना असा भिरकावला की पहिल्या मजल्यावरची कबुतरं उडाली. मी खिडकीतून विचारलं, "मदत हवी का?" वर न बघता म्हणाल्या, "नको."

पॅड बसले. पण नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचा पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यावा लागतो, तेवढं त्या विसरल्या. गाडी मागे घेतली, ब्रेकवर पाय दिला तर पेडल थेट तळाला. मागे सोसायटीचे सेक्रेटरी भगवान म्हात्रे यांची स्कूटर उभी होती. ती आडवी झाली.

म्हात्रे सुकापूरचे मूळचे. बनियनवरच खाली आले. "बाई, हा गॅरेज नाय हाय! आजपासून इथं गाडी खोलायची नाय. आमी नोटीस लावतो."

"स्कूटर दुरुस्त करून देईन. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "पण गाडी मी इथेच उघडणार. नोटीस लावा, मी तिच्याखाली बसून उघडीन."

म्हात्रेंनी नोटीस लावली. बाई तिच्याखाली बसल्या. ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, बॅटरीची टोकं घासली.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या समृद्धीने गाडी घेतली, तीही सेकंडहँड. एक दिवस ती म्हणाली, "काकू, मी त्या हायवेवरच्याकडे दिली होती. नवीन पॅड टाकले म्हणाला."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "चल."

समृद्धी मला म्हणाली, "तुम्हीही या ना," म्हणून मीही गेलो. गॅरेजच्या दारातच बाईंनी गाडीला जॅक लावला. मालक ओरडत आला. बाईंनी चाक उतरवलं, आत बघितलं आणि थांबल्या. पॅड कोरे करकरीत होते.

"बघितलंत?" मालक हसला. मागची माणसंही हसली. "उगाच बदनामी करता."

बाई उठल्या. कान लाल झाले होते. "हिचे टाकलेत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मग माझे का नाही टाकले?"

त्याचं हसू गेलं. तो बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. "त्या दिवशी गाड्या खूप होत्या. कारागिराने साफ करून परत बसवले. मला मागाहून कळलं."

"कळलं तेव्हा फोन का नाही केलात?"

तो वळून गॅरेजात शिरला.

पुढच्या रविवारी तो फळं घेऊन पेझारकरांच्या दारात उभा राहिला. बेंजामिनकाका मानेतली नळी सांभाळत उठले. "या, बसा. चहा घेणार?"

बाई ताडकन उठून खाली पार्किंगमध्ये आल्या. तो जाईपर्यंत वर गेल्या नाहीत. मग मात्र आम्हाला जिन्यापर्यंत ऐकू आलं, कारण पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"चहा पाजलास त्याला? चहा?"

"हात माझा गेला, हेपी. माफ करायचं की नाही, ते मी ठरवीन."

"आणि गाडी कोण चालवत होतं? मी! माझ्या हातून आपटलास तू! ते कोण माफ करणार?"

काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

काकांच्या उजव्या हातावर नंतर नवं ऑपरेशन झालं आणि मानेतली नळी निघाली. समृद्धी अजूनही त्याच गॅरेजात गाडी देते. त्यावरून बाई तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. परवा मात्र तिचा टायर पंक्चर झाला, तेव्हा खाली येऊन म्हणाल्या, "हो बाजूला. आधी नट सैल करायचे, मग जॅक. आणि बघत राहा, पुढच्या वेळी मी येणार नाही."