आधी रक्त, मग सलाईन

अकोटला आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून. हंगामात कापसाचं तूस उडत येतं. खिडकीच्या काचेवर ते टिकत नाही. जाळी जिथे फाटली आहे तिथेच अडकतं, मग त्यावर धूळ बसते आणि गुठळी होते.

लहानपणी सांधे धरणारा ताप आला आणि माझ्या हृदयाची एक झडप खरबरीत करून गेला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं: हृदयाचं अस्तर गुळगुळीत असतं, जंतू सहसा वाहून जातात. झडपेवरच्या पेशी खरचटल्या की तिथे रक्ताचं बारीक जाळं धरतं. हिरडीतून रक्तात आलेले जंतू त्याला चिकटतात, वाढतात, झडप कुरतडतात. ताप हटेना तर आधी रक्ताचं कल्चर करून जंतू कोणता ते पाहायचं. त्याआधी अँटिबायोटिक घेतलं तर जंतू सापडेनासा होतो आणि नेमकं औषध ठरत नाही.

मी मोठी झाल्यावर एका वर्षी दाढेखाली पू झाला आणि मागोमाग ताप. घामाने उतरायचा, पुन्हा चढायचा. आमच्याकडे तापाला एकच उत्तर, सलाईन. मोठे काका मला गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. बाटली टांगून झाली, तेव्हा मी हात ओढणीत घेतला.

"यात काय सोडणार?"

"अँटिबायोटिक," डॉक्टर म्हणाले.

"मग नको. आधी कल्चरसाठी रक्त घ्या."

"ती सोय इथे नाही. आणि डॉक्टर कोण, तू का मी?"

काका हसले. "पावण्यापुढे तोंड उघडत नाही, अन् इथं डॉक्टरले शिकवून राहिली." मग हळूच म्हणाले, "पोरी, लोकं पाहून राहिले. दे हात."

बाकावरचे सगळे खरंच पाहत होते. एरवी मी बसमध्ये 'जरा सरका' एवढंही म्हणत नाही.

"झडप माझी आहे, काका. अमरावतीला न्या, नाहीतर मी एस.टी.ने जाते."

मी उठून चपला घातल्या. काकांनी गाडी काढली.

अमरावतीत वेगवेगळ्या वेळी रक्त घेतलं. तोंडातलाच जंतू निघाला, आणि हृदयाच्या सोनोग्राफीत झडपेवर लहानशी गाठ. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध. झडप वाचली.

काका संत्री घेऊन भेटायला आले, टांगलेल्या बाटलीकडे पाहून म्हणाले, "शेवटी लागलंच ना सलाईन?"

"लागलं. मी हो म्हटल्यावर."

"मोठी हट्टी आहेस तू."

"हाव, आहे हट्टी," मी म्हणाले, आणि संत्र्यासाठी हात पुढे केला.