तोंडाकडे बघणारे आप्पा

"काय म्हणतंय?"

आप्पांचा हा प्रश्न तब्येतीबद्दल नसायचा. त्यांच्या गाड्यापाशी जाऊन बाकड्यावर टेकलं की आधी समोर स्टीलची वाटी यायची. वाटीत आळणी. म्हणजे मटणाची हाडं शिजवून काढलेलं बिनतिखटाचं पाणी, आपल्याकडे पोराबाळांना आणि आजारी माणसाला आधी देतात ते. तुम्ही वाटी तोंडाला लावली की आप्पा हातात पळी घेऊन तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. वाटीकडे नाही, तोंडाकडे. घोट खाली उतरला की मग तो प्रश्न. मीठ हवं म्हणालात तर मीठ पडायचं, बरं आहे म्हणालात तर नूडल्स पातेल्यात पडायच्या.

शिक्रापूरच्या चौकातून थोडं आत, कंपन्यांच्या बस जिथे माणसं उतरवायच्या तिथे हा गाडा होता. नावाला चायनीज. पुढच्या पत्र्यावर लाल ड्रॅगन रंगवलेला. पेंटरने ड्रॅगन कधी पाहिला नसावा, कारण त्याला पोळ्याच्या बैलासारखी शिंगं होती आणि डोळेही तसेच गरीब. मी तेव्हा जवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो आणि शिरूरला राहायचो. जनरल शिफ्ट सुटली की एसटी येईपर्यंत करायला काही नसायचं. समोरून ट्रकांची रांग सरकत असायची, नाकातोंडात धूळ, आणि दिवसभर लोकांशी हुज्जत घालून माझं डोकं रिकामं झालेलं असायचं. अशा वेळी कोणीतरी न विचारता गरम वाटी पुढे ठेवतं, हे फार बरं वाटायचं.

आप्पा गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नसत, खात्याने ओळखत. "या स्टोअर, बसा." "काय प्रेसशॉप, आज वाकून चालताय?" "पेंटशॉप, आधी हात धुवा." आम्हालाही ते बरं वाटायचं. घरचं नाव घरी राहायचं, दमणूक तेवढी खात्यावर जमा व्हायची.

ते मूळचे खुटबावचे. वडिलांची मेंढरं होती. आप्पांच्या वेळेपर्यंत मेंढरं जाऊन थोडी शेती झाली, ती भावाने पाहिली आणि आप्पा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत लागले. तिथे बरीच वर्षं शिफ्टा केल्या. नूडल्स करायला त्यांना तिथल्याच कँटीनमधल्या एका नेपाळी आचाऱ्याने शिकवलं. पुढे नोकरी सोडली आणि शिक्रापूरला येऊन गाडा टाकला. नूडल्सच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भाकर समद्यांच्या घरी मिळतीया. दमल्यालं माणूस येगळं कायतरी शोधतंय."

तुम्हीही असे अगत्याचे गाडेवाले पाहिले असतील. मीही आप्पांना त्यातलेच समजत होतो. मीठ विचारून घालतात, केवढी माया, असं कौतुक करायचो.

एका पावसाळ्यात संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी गाड्याला तीन बाजूंनी ताडपत्री बांधली होती. आत शिरलो तर गॅसचा असा भपकारा, की मला ठसका लागला. आप्पा शांतपणे काड्यापेटी काढत होते. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "आप्पा, गॅस सुटलाय. वास येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी काड्यापेटी खाली ठेवली. सिलिंडर बंद केला, ताडपत्री सोडली. मग बाकड्यावर माझ्याशेजारी बसले. ते गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"न्हाई येत," म्हणाले. "वास बी न्हाई आन् चव बी न्हाई. कुरकुंभला आसतानाच हळूहळू गेली. कशानं गेली त्ये डॉक्टरला बी सांगता आलं न्हाई."

"मग हे सगळं करता कसं?"

"तुमच्या तोंडावरनं." मग म्हणाले, "स्टोअर, कुणाला बोलू नगा. सैपाक करणाऱ्याला चव न्हाई म्हणल्यावर कोण बसंल हितं? माझं एवढंच हाय."

मी कुणाला बोललो नाही. पण त्या दिवसापासून वाटी तोंडाला लावताना मला जबाबदारी वाटू लागली. मीठ कमी असलं की मी जरा जास्तच तोंड वाकडं करायचो. आप्पा म्हणायचे, "नाटक नगा करू. आपसूक जे हुतंय तेच दावा."

पुढे आमच्या कंपनीत जपानी मशिनं आली आणि ती बसवायला एक जपानी साहेब आले. साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. ते पुण्याच्या हॉटेलात राहायचे आणि रोज गाडीने ये-जा करायचे. आमच्या कँटीनने त्यांच्यासाठी रोज पनीर करायचा चंग बांधला होता. ते बिचारे मान लववून खायचे आणि दिवसेंदिवस वाळत चालले होते. एकदा परतताना त्यांचा ड्रायव्हर चहाला उतरला आणि साहेबांना उकळत्या पाण्यातल्या नूडल्स दिसल्या. ते सरळ येऊन माझ्याशेजारी बसले.

आप्पांनी वाटी पुढे ठेवली आणि पळी घेऊन उभे राहिले. साहेबांनी घोट घेतला. चेहऱ्यावर काही नाही. दुसरा घोट घेतला. तरी काही नाही. शटर ओढलेल्या दुकानासारखा चेहरा. आप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "स्टोअर, ह्यो मानूस तोंडच देत न्हाई." त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग साहेबांनी खुणेने सांगितलं. लाल सॉस नको, तळणं नको. याच पाण्यात नूडल्स, वर कांद्याची पात आणि उकडलेलं अंडं. आप्पांनी दिलं. साहेबांनी वाडगं उचललं आणि असा भुरका मारला, की पलीकडच्या पानवाल्याने वळून पाहिलं. एकामागून एक भुरके. आप्पांचा चेहरा खुलला. रश्श्याचा भुरका मारला नाही तर करणाऱ्या बाईचा अपमान होतो, अशा घरात वाढलेले ते.

"आपल्यातलंच हाय की ह्ये," म्हणाले.

त्यानंतर साहेब वरचेवर येऊ लागले. "जपान आलं," आप्पा म्हणायचे आणि अंडं सोलायला घ्यायचे. तोंड वाचता येत नव्हतं, म्हणून ते भुरक्याच्या आवाजावर जायचे. आवाज खणखणीत असला की मीठ बरोबर. हळूहळू बाकीचेही तेच मागू लागले. शिफ्ट करून आलेल्या पोटाला तिखट सोसत नाही, हे आधी कुणी बोललंच नव्हतं. "एक जपानी, अंडं घालून," अशी ऑर्डर सुरू झाली. साहेबांनी मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, की त्यांच्याकडे मोठ्या शहरात कामावरून सुटलेली माणसं स्टेशनाजवळच्या गाड्यावर असंच खातात. त्याला रामेन म्हणतात. हे अगदी तसंच आहे का, असं मी विचारलं. त्यांनी हात हलवून साधारण बरं अशी खूण केली. मी ते आप्पांना सांगितलं.

"म्हंजी तिकडं बी मान्सं दमत्यात," आप्पा म्हणाले.

मशिनं चालू झाली. साहेबांची परत जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आप्पांना आणि मला पुण्याला जेवायला बोलावलं. पुण्यात तेव्हा नुकतंच एक छोटं जपानी हॉटेल निघालं होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी आणि गाडाही बंद. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा आणि कडक टोपी घालून आले. एसटीत एवढंच म्हणाले, "त्यो मला इचारणार. काय सांगू?"

"चांगलं आहे म्हणा," मी म्हणालो.

तिथे लांब लाकडी फळीपुढे उंच स्टुलांवर आम्ही तिघं ओळीने बसलो. आप्पांचे पाय लोंबकळत होते. समोर एक आचारी काम करत होता. त्याने आधी आप्पांपुढे वाडगं ठेवलं. आप्पांनी वाफेवर तोंड धरलं, मग भुरका मारला. साहेब स्टुलावर पूर्ण वळले आणि आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिले. हुबेहूब आप्पांसारखेच. आमच्या गाड्यावर बसून त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. मग ते आमच्या भाषेत, जपून, एकेक अक्षर उच्चारत म्हणाले, "काय म्हणतंय?"

मला त्या क्षणी उठून निघून जावंसं वाटलं. आप्पांनी वाडगं खाली ठेवलं.

"त्यांस्नी खरं सांगा," ते मला म्हणाले. "मला चव कळत न्हाई म्हणून सांगा."

"कशाला आप्पा? चाललेत ते आता."

"न्हाई. येवढं पार तिकडनं आलेलं मानूस माझ्या तोंडाकडं बघतंय. त्याला खोटं तोंड कसं दावू?"

मी सांगितलं. माझ्या इंग्रजीत जेवढं बसलं तेवढं. साहेबांनी स्वतःचं वाडगं जवळ ओढलं, आप्पांकडे तोंड करून बसले आणि एक घोट घेतला. आणि त्या माणसाने, ज्याचा चेहरा कंपनीत कुणाला वाचता आला नव्हता, तो चेहरा सैल सोडला. भुवया वर गेल्या, डोळे मिटले, ओठ किंचित आवळले. पुन्हा एक घोट, पुन्हा तसंच. आप्पा एकटक बघत होते.

"मीठ जास्त हाय," आप्पा म्हणाले. "बाकी लई झ्याक हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब मोठ्याने हसले आणि जोरजोरात मान हलवू लागले. आप्पाही हसले. मग दोघांनी भुरके मारत वाडगी रिकामी केली.

साहेब गेले. गाडा पुढे काही वर्षं चालला, पण शिक्रापूर बदलत होतं. चाळीच्या चाळी उभ्या राहिल्या, एकेका खोलीत चार-पाच पोरं राहू लागली, खोलीत टीव्ही आला. बाकड्यावर बसायला कुणाला वेळ नव्हता. "चाचा, दो जपानी पार्सल," एवढं सांगून पोरं पाठ फिरवून उभी राहायची. आप्पा वाटी पुढे करायचे, ती तशीच निवायची. उरलेसुरले माझ्यासारखे जुने लोक, तेही बदलीने पांगले. मलाही कंपनीने शिरूरकडच्या दुसऱ्या प्लँटला टाकलं. आता मी मुद्दाम वाट वाकडी करून जायचो.

अशाच एका फेरीत गाड्याभोवती आवाज चढलेले दिसले. एक पोरगा पिशवी परत घेऊन आला होता. "नमक का पानी है ये, चाचा." आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडावर चिडण्याखेरीज काही नव्हतं. त्यांनी दुसरं केलं, आधी मला चाखायला लावलं आणि मग पोराला दिलं.

"ह्ये रोजचं झालं," पोरगा गेल्यावर म्हणाले. "पार्सलला तोंड नसतंय, स्टोअर. मी बघू कुणाकडं?"

त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, नुसता थकलेला होता. पुढच्या वेळी गेलो तर गाड्याच्या जागी मोबाईल रिचार्जची टपरी होती.

एकदा खुटबावला जाऊन त्यांना भेटलो. अंगणात खाटेवर बसले होते. वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, जेवायला वाढलं. मी रश्श्याचा पहिला भुरका मारला आणि आप्पा खाटेवरून पुढे वाकले.

"काय म्हणतंय?"

"सैपाक माझा, आन् इचारायचं ह्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पावना आला की ह्यांचं ह्येच."

त्यानंतर वर्षभरातच आप्पा गेले. मला उशिरा कळलं.

मध्यंतरी मुलीच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो. पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. हॉटेल होतं, लाकडी फळी होती, स्टुलं तेवढी नवीन. आचारी वेगळा होता. त्याने वाडगं ठेवलं आणि पाठ फिरवून पुढच्या कामाला लागला. शेजारचं स्टूल रिकामं होतं. मी पहिला भुरका मारला आणि सवयीने मान वर करून थांबलो, तोंड दाखवत.

मीठ अजूनही जास्तच होतं.