गुलाबी नळ्या आणि धुण्याचा सोडा

लागोपाठ चौथी नळी गुलाबी निघाली, तेव्हा सर खूश झाले. मला शंका आली.

धाराशिवच्या एका खासगी लॅबमध्ये मी काचसामान धुते. शिक्षण चौथी. सर लघवीतले जंतू वाढवतात आणि त्यांची नावं शोधतात. त्यातली एक चाचणी युरिएजची. नळीतल्या पिवळसर औषधात जंतू सोडायचे आणि सकाळपर्यंत उबेत ठेवायचे. गुलाबी झालं तर बहुतेक प्रोटियस, म्हणजे मुतखडा करणारा जंतू. खरं तर चार-पाच चाचण्या लावून मगच नाव द्यायचं. पण बाकीचं सामान संपलं होतं आणि सरांना धीर नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"तुमच्या रिपोर्टवर तीन पेशंट सोलापूरला पाठवले. खडा एकालाही नाही! कंट्रोल लावला होता का?"

सरांनी फोन ठेवून दिला. मला काही कळेना. आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान.

सोलापूरला जाणाऱ्या चौथ्या पेशंट, तेर गावच्या रुक्मिणबाई, पिशवी घेऊन बाकावरच बसल्या होत्या. "रिपोर्ट द्या की लवकर, गाडी जाईल माझी."

मी विचारलं, "सर, हे गुलाबी कशानं होतंय?"

"जंतू खार तयार करतो. खारानं रंग बदलतो."

"हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, तसं?"

"तसंच. तुम्ही नळ्या धुवा, मावशी."

"धुतल्या की. सोड्यानं."

"कसल्या सोड्यानं?"

"धुण्याच्या. बोअरच्या पाण्यानं नळ्या पांढऱ्या पडत्यात म्हणून तुमीच वरडला न्हवं?"

"शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं विसळल्या का?"

"न्हाय. इतकं चांगलं पाणी भांड्यावर कोण वततंय?"

सरांनी एका नळीत नुसतं औषध भरलं. जंतू सोडलाच नाही. चहा संपेपर्यंत नळी गुलाबी, आत राहिलेल्या सोड्याच्या खारानं. कंट्रोल म्हणतात ते हेच, हे मला तेव्हा कळलं.

रुक्मिणबाई डोकावून म्हणाल्या, "आता हिला बी सोलापूरला न्यायचं का?"

मी सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या आणि डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळल्या. सरांनी सामान मागवून सगळ्या चाचण्या लावल्या. रुक्मिणबाईंचा साधा ई. कोलाय जंतू निघाला. गोळ्यांवर भागलं, सोलापूर टळलं. आधीच्या तिघांना फोन करायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं. त्यातल्या एकानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नळी चकचकीत दिसली म्हणजे स्वच्छ झाली, असं नसतं. शेवटचं विसळणं आता मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. सरांनीही एका रंगावर जंतूचं बारसं करणं सोडलं.