मागाच्या खडखडाटातली मुलाखत

मोबाईलनं मुलं बिघडतात म्हणणाऱ्यांनो, आज सोलापुरात माझ्या सातवीच्या वर्गात यायला हवं होतं तुम्ही!

'आपल्या भागातला उद्योग' असा गटप्रकल्प होता. लावण्याच्या गटानं तिच्या वडिलांची मुलाखत मोबाईलवर घेतली, तीही चालू यंत्रमागाशेजारी. वर्गातल्या पडद्यावर व्हिडिओ लावला, तर नुसता खडखडाट!

"अगं, एवढा आवाज येतोय, कळलं नाही तुम्हाला?"

"कुठला आवाज, मॅडम?" तिनं खरंच विचारलं. त्या गटातल्या सगळ्यांचीच घरं मागाला लागून आहेत.

"परत घेऊन या मुलाखत."

"कशाला मॅडम? मला ओठांवरनं कळतंय की, घरी रोजचंच आहे!"

व्हिडिओ थांबवत थांबवत ती वडिलांचं घरच्या तेलुगूतलं बोलणं मराठीत सांगत गेली. बाकीच्यांनी ते चित्राखाली टाइप केलं.

मग पुन्हा व्हिडिओ लावला. तोच खडखडाट, पण आता खाली वडिलांचं बोलणं उमटत होतं. शेवटची ओळ आली: 'माग चालू असला की मला गाढ झोप लागते. बंद पडला की दचकून जाग येते.'

तुमच्या घरातला कुठला आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही? तो थांबला तर?