चाकाखालचं लिंबू

थांबलेल्या बसच्या पुढून एक बाई कडेवर मूल घेऊन थेट आमच्या गाडीसमोर आली. गाडी माझी सून चालवत होती. मी शेजारी बसले होते, मांडीवर मासळीची पिशवी. मी डोळे मिटले.

हीच सून वर्षापूर्वी, नव्या गाडीची पूजा झाल्यावर, चाकाखालचं लिंबू चिरडायला निघाली होती. लिंबू चिरडलं, पण तिला ब्रेक सापडला नाही आणि गाडी सोसायटीच्या गेटवर आदळली. सगळे हसले. मग गाडीवर कव्हर चढलं.

"आई, मला नाही जमणार."

"मग गेट काय फुकट तोडलंस? उद्यापासून मला मुलुंडच्या बाजारात मासळीला न्यायचं."

रोज सकाळी जायचो. वाटेत मी तिला बोलायचे, ती मला. आधी तिची नजर बॉनेटच्या पुढे जातच नव्हती. हळूहळू लांबचं दिसायला लागलं. उभी बस दिसली की ती आपणहून गाडी हळू करायची. म्हणायची, "आई, बसच्या पुढून कोणीतरी येतंच."

त्या दिवशीही तिनं आधीच वेग कमी केला होता. म्हणून ब्रेक दाबल्यावर गाडी त्या बाईपासून हातभर अलीकडे थांबली.

"दिसत नाय काय गं?" बाई ओरडली.

"दिसलं म्हणूनच उभी आहेस," सून म्हणाली.

ती बाई, तिचं मूल, सून आणि मी, चौघंही जिवंत घरी गेलो.